वैनगंगेकाठचे धर्म आणि त्यांची दारं

शाळेच्या पुस्तकात जगातल्या धर्मांचा एक तक्ता असायचा. डावीकडे धर्माचं नाव, पुढे संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. मुलं तो एका दिवसात पाठ करत आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेत. पवनीत आणि आसपासच्या गावांत इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली. तो तक्ता फळ्यावर काढताना मला दर वर्षी एक रकाना कमी वाटायचा. या धर्मानं आत कोणाकोणाला घेतलं? राजाला घेतलं, सावकाराला घेतलं. विणकराला घेतलं का? बाईला घेतलं का? गावकुसाबाहेरच्या माणसाला घेतलं का? आणि घेतलं असेल, तर त्याचं नाव कुठे टिकलं?

हा रकाना भरायला जेरुसलेमला किंवा मक्केला जायची गरज नाही. भंडारा जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे. धानाची बांधी, मालगुजारी तलाव, दिवाळीनंतरच्या मंडया आणि मधून वाहणारी वैनगंगा असा हा झाडीपट्टीचा मुलूख. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. त्यात हिंदू ८४ टक्के, बौद्ध जवळपास १३ टक्के आणि मुसलमान दोन टक्क्यांहून थोडे अधिक. गोंडांसारखे आदिवासी बहुतेक करून हिंदूंच्याच रकान्यात मोजले गेले. या आकड्यांमागे दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं माझ्या गावातच उलगडतात.

पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात. नदीला घाट, गावाला जुना परकोट, गल्लोगल्ली देवळं. आमचं घर कोष्ट्याचं. पवनीचं बारीक सुताचं, रेशीमकाठी धोतर एके काळी दूरवर जायचं; माझ्या लहानपणी आमच्या पडवीत हातमाग होता आणि बाबांच्या धोट्याचा आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा. आजी कार्तिकात अंधारातच घाटावर स्नानाला जायची. येताजाता ती जगन्नाथ टेकडीकडे तोंड करून हात जोडायची, कारण टेकडीवर जगन्नाथाचं देऊळ. त्या देवळाखाली काय आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं.

ते १९६९-७०च्या उत्खननात कळलं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहून थोडा जास्तच. गावाजवळच्या चांडकापूर टेकडीखालीही दुसरा स्तूप सापडला. मौर्यकाळापासून सातवाहनांपर्यंत इथे बांधकाम वाढत गेलं होतं. भोवतीच्या वेदिकेचे खांब आणि त्यांवरची ब्राह्मी अक्षरं मातीतून वर आली.

त्यातल्या दोन गोष्टींवर मी वर्गात नेहमी थांबायचे. एक, मुचलिंद नागाचं शिल्प. बोधी मिळाल्यानंतर बुद्ध ध्यानात बसले असताना पावसाची झड लागली आणि मुचलिंद नागानं त्यांच्यावर फणा धरला, ही कथा. पवनीच्या दगडावर पाच फण्यांचा नाग आहे आणि त्याचं नावही कोरलेलं आहे. बुद्ध मात्र दिसत नाहीत. त्यांच्या जागी रिकामं आसन आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. आसन, झाड, चक्र, पावलं एवढ्यावर भागायचं. भक्तानं त्या रिकाम्या जागेकडे पाहून हात जोडायचे.

दुसरी गोष्ट त्याहून लहान. एका दगडावर प्राकृतात एक ओळ आहे. विसमिता नावाच्या बाईनं हे दान दिलं आणि ते सर्व प्राण्यांच्या सुखाला कारण होवो, एवढाच तिचा अर्थ. ती कोणाची बायको, कोणाची मुलगी, हे सांगायची गरज कोरणाऱ्याला वाटली नाही. पवनीत राजांच्याही खुणा आहेत. महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ इथे सापडला, भार कुळातल्या भगदत्त राजाचा पावलं कोरलेला दगड सापडला. पण माझ्या लेखी विसमितेचं नाव या दोघांच्या वरचं. स्तूप एकट्या राजाच्या खजिन्यातून उभा राहिला असता, तर तिच्या नावाची ओळ कोरली गेलीच नसती. गावोगावच्या बायका, भिक्षू, व्यापारी, कारागीर यांनी एकेक खांब, एकेक दगड दिला आणि ज्याचं दान त्याचं नाव. बौद्ध धर्म आशियाभर पसरला त्यामागे राजांइतकंच हे देणाऱ्यांचं जाळंही होतं. भारहूत, सांची, कार्ले, सगळीकडे असेच दाते भेटतात.

एकदा ही ओळ फळ्यावर लिहून दिल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तिचा नाव लिवला, मंग माह्या आजीचा काऊन नाही कोठी?" वर्गात कोणी हसलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी पुढची सगळी वर्षं जिल्ह्याचा इतिहास वाचला.

ही दानाची परंपरा पुढे आटली कशी? त्याचा एक धागा देवटेकच्या दगडात सापडतो. देवटेक चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडजवळ, पवनीहून फार लांब नाही. तिथल्या एकाच शिळेवर दोन काळांचे दोन लेख आहेत. जुना मौर्यकाळातला: प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशी आज्ञा. त्याच शिळेवर नंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळात दुसरा लेख कोरला गेला. तो चिकंबुरी इथल्या त्याच्या धर्मस्थानाचा. वा. वि. मिराशींनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले. नवा लेख कोरताना जुन्याची अक्षरं पुसली गेली. राजसत्तेला नवा दगड मिळाला नसता असं नाही. पण पवित्र मानलेली जागा आणि पवित्र मानलेला दगड आपल्या नावावर करून घेणं ही जगभरची रीत आहे. रोममध्ये देवळांची चर्च झाली, कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्चची मशीद झाली.

वाकाटकांच्या ताम्रपटांत ब्राह्मणांना गावं आणि जमिनी दान दिल्याच्या नोंदी आहेत. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्यात बौद्ध लेणं खोदवलं, म्हणजे राजे बौद्धांचे वैरी होते असं म्हणता येत नाही. फरक पडला तो देणाऱ्यांत. आता राजा गाव देतो, ताम्रपट लिहून देतो आणि तो एका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या राहतो. खांबाखांबावर लहान माणसांची नावं कोरायची पद्धत मागे पडली. पवनीचे स्तूप मातीत गेले, वर झुडपं आली, मग देऊळ आलं. लोकांची भक्ती त्याच टेकडीवर राहिली, दात्यांची नावं तेवढी गडप झाली.

या सगळ्याच्या आधीपासून आणि या सगळ्याच्या शेजारी गोंडांचा कोया पुनेम नांदत होता. तक्त्यात तो बसतच नाही. त्याला ग्रंथ नाही, बांधीव मंदिर नाही. परसापेन, म्हणजे बडादेव, साजाच्या झाडात राहतो. माणसाची ओळख त्याच्या सगावरून: कोणी चार देवांचा, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही, कारण ते भाऊभाऊ. मडावी, उईके, कुमरे, टेकाम ही आडनावं ऐकली की जाणता गोंड माणूस समोरच्याची देवसंख्या लगेच सांगतो. या धर्मात बाहेरून कोणी येत नाही आणि आतल्याला कोणी बाहेर काढत नाही. जन्मानं जागा ठरते आणि त्या जागेबरोबर जबाबदारीही ठरते: कुळानं आपलं झाड आणि आपला प्राणी राखायचा.

आज गोंदिया जिल्ह्यात असलेलं सालेकसा तालुक्यातलं कचारगड १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं. तिथल्या मोठ्या नैसर्गिक गुहेत कली कंकालीची तेहतीस मुलं कोंडली गेली होती आणि पारी कोपार लिंगोनं जंगो रायताडच्या मदतीनं त्यांना सोडवून सगाव्यवस्था लावून दिली, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात, 'जय सेवा' म्हणून एकमेकांना भेटतात. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि पुनेमवर लिहून या जत्रेला विचारांचं बळ दिलं.

लिंगोची ही कथा लेखी स्वरूपात आधी जतन केली ती एका ख्रिस्ती पाद्र्यानं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्यानं शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि गोंडांची गाणी गाणाऱ्या एका परधानाकडून लिंगोचं गाणं गोंडीत ऐकून उतरवून घेतलं. १८६३ मध्ये नदी ओलांडताना तो बुडून मरण पावला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापले. गोंडांचा धर्म बदलावा असं वाटणाऱ्या माणसानं गोंडांच्या धर्माचं सर्वांत मोलाचं गाणं जपलं. गाणाऱ्या परधानाचं नाव मात्र जगाच्या तोंडी नाही. भंडाऱ्यात पुढे स्कॉटिश मिशनचं ठाणं झालं, दवाखाना चालला. ख्रिस्ती झालेली कुटुंबं इथे मोजकीच. पण आजाऱ्याला त्याची जात न विचारता हात लावणारा माणूस इथल्या लोकांनी पाहिला, आणि त्या पाहण्याचा परिणाम जनगणनेच्या आकड्यात मावत नाही.

मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी मराठी भाषेनं एक दार उघडलं होतं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी विदर्भात फिरले. रिद्धपूरचे गोविंदप्रभू त्यांचे गुरू. लीळाचरित्रात भंडाऱ्याचा उल्लेख येतो आणि तिथे त्यांना भेटलेले नीळभट्ट भांडारेकार हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या अनुयायांपैकी एक. आमच्या जिल्ह्याचं गाव एका भक्ताच्या नावाला जोडलं जाऊन मराठी वाङ्मयात शिरलं ते असं. महानुभावांनी बायकांना शिष्या म्हणून घेतलं. महदाइसा, बाइसा या नुसत्या सेवेकरी नाहीत. त्या प्रश्न विचारतात, वाद घालतात, आणि म्हाइंभटांनी त्यांचे प्रश्न नावासकट लिहून ठेवले. सोवळ्याओवळ्याला चक्रधरांनी नकार दिला. उपदेश मराठीत केला, आणि पुढे नागदेवाचार्यांनीही संस्कृतात लिहू नका, त्यानं साध्या बायाबापड्या मुकतील, असं शिष्याला बजावलं.

वैनगंगेकाठी मराठीचा आणखी एक मान सांगितला जातो. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवर आंभोऱ्याला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी वैनगंगेला मिळतात. वर टेकडीवर चैतन्येश्वर आणि हरिनाथांची समाधी. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये विवेकसिंधू इथेच रचला, असं विदर्भातले अभ्यासक मानतात. मराठवाड्यातले लोक तो मान अंबाजोगाईला देतात. वाद काहीही असो, ब्रह्मज्ञान मराठीत सांगायचं धाडस त्या शतकात झालं, हे महत्त्वाचं.

महानुभावांचं दार मात्र हळूहळू किलकिलं झालं. धामधुमीच्या काळात त्यांनी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. पंथ पंजाब, काबूलपर्यंत पोचला, पण घरच्या मराठी माणसाला त्याची पोथी वाचता येईना. विचार जिवंत राहिला, पण शेकडो वर्षं तो आतल्या आतच राहिला. पोथी कुलपात गेली की धर्माचा प्रभाव आटतो, मग तो कितीही उदार असो.

इस्लाम आमच्याकडे आला तो फौजेबरोबर आला असं सरसकट म्हटलं जातं. भंडाऱ्याची हकिगत वेगळी आहे. देवगडच्या गोंड राजघराण्यातल्या भाऊबंदकीत एक राजपुत्र औरंगजेबाच्या दरबारी मदत मागायला गेला, १६८६च्या सुमारास त्यानं इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद या नावानं गादीवर बसला. पुढे तो औरंगजेबाशीच लढला. नागपूर शहर वसवणारा तो हाच. त्याचा सुभेदार राजाखान पठाण यानं तुमसरजवळ आंबागडचा किल्ला १७००च्या आसपास बांधला. राजा मुसलमान झाला, पण प्रजेनं व्हावं असा त्याचा आग्रह नव्हता, आणि त्याच्या घराण्यानं गोंडांशी सोयरीक तोडली नाही. धर्म बदलला तरी सगा सुटला नाही. जुन्या भंडारा जिल्ह्यातलं प्रतापगड आज गोंदियात आहे. तिथे महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. एकच माणूस एकाच फेरीत दोन्हीकडे माथा टेकवून घरी येतो, नारळही दोन्हीकडे फोडतो. त्याला त्यात काही अवघड वाटत नाही.

हे सांगताना मला जपून बोलावं लागतं. सगळे धर्म इथे गोडीगुलाबीनं नांदले, असं म्हणून भाषण संपवणं सोपं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पवनीत देवळं वाढली, मुरलीधराचं देऊळ मोठं झालं. पवनीचा पंचमुखी गणेश आणि भंडाऱ्याजवळच्या मेंढ्याचा भृशुंड गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजले जातात. मी या देवांच्या अंगणात वाढले. तिथल्या आरतीचा सूर माझ्या अंगात आहे. पण आजी सांगायची की घाट एकच असला तरी पाणी भरायच्या जागा वेगवेगळ्या होत्या, आणि महार बायांनी कोणत्या पायरीपर्यंत यायचं हे ठरलेलं होतं. ज्यांनी गावाची वेस राखली, गावाचं ओझं वाहिलं, सूत कातलं, कापड विणलं, त्यांना देवळाची पायरी बंद. सोबत राहणं आणि बरोबरीनं राहणं यांत केवढं अंतर असतं, हे त्या पायरीवर कळायचं.

हे अंतर ज्यांनी अखेर मोजून दाखवलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यालाही आले होते. १९५४च्या मे महिन्यात त्यांनी इथून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येक मतदाराला दोन मतं. दुसरं मत वाया घालवा म्हणजे आपल्या उमेदवाराचं पारडं जड होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. ज्यानं राज्यघटना घडवली, तो लोकांना मत जाळायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, दुसरी अशोक मेहतांनी जिंकली, बाबासाहेब हरले. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान मुलांना शिकवताना मला नेहमी जड जायचं, आणि तरीही मी ते दर वर्षी शिकवलं. हरणं पत्करूनही लोकांच्या मताचा मान राखणं हाही धर्मच, असं मी सांगत असे.

जगातल्या धर्मांची तुलना बाबासाहेबांइतकी जिवाच्या कळकळीनं कोणी केली असेल असं मला वाटत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि पुढची एकवीस वर्षं शोध घेतला. शीख, इस्लाम, ख्रिस्ती, बौद्ध, सगळ्यांची पारख केली. १९५०च्या एका लेखात त्यांनी चार थोरांची तुलना मांडली. येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, महंमद पैगंबरांनी स्वतःला अखेरचा प्रेषित म्हटलं, कृष्णानं स्वतःला देव म्हटलं. बुद्धानं मात्र आपण वाट दाखवणारे आहोत, मोक्ष देणारे नाही, असं सांगितलं. ग्रंथ कोणाचा जुना, देव कोणाचा थोर, यावर त्यांनी वेळ घालवला नाही. कोणत्या धर्मात माणूस माणसाच्या बरोबरीनं उभा राहील, हा त्यांचा प्रश्न.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, भंते चंद्रमणींच्या हस्ते त्यांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना दिली. भंडाऱ्याकडून लोक रेल्वेनं, बैलगाड्यांनी, पायी गेले. पांढरी साडी हवी म्हणून बायांनी अंगावरचं चांदीचं किडूकमिडूक विकलं. महाराष्ट्राच्या मुलखात १९५१च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत, एकही तलवार न उपसता, इतक्या लोकांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन धर्म बदलल्याचं दुसरं उदाहरण जगाच्या इतिहासात शोधावं लागेल. रोम ख्रिस्ती झालं त्यामागे बादशहा होता, बख्त बुलंदामागे गादीचा हिशेब होता. इथे मागे कोणतीही सत्ता नव्हती. उलट सवलती जाण्याची भीती होती. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या कायद्यानं तो दर्जा मिळाला १९९० मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी.

आणि दीक्षेनंतर तेराच वर्षांनी पवनीची टेकडी उघडली. ज्यांना शेजारी म्हणत होते की तुम्ही परका धर्म घेतला, त्यांच्या पायाखाली सांचीहून मोठा स्तूप निघाला. मी असं म्हणत नाही की विसमिता त्यांची पूर्वज होती. इतिहास असली नाती जुळवत नाही. पण वर्गातल्या बौद्ध मुलांचे डोळे ते ऐकून कसे लुकलुकायचे ते मी पाहिलं आहे. आता पवनीजवळ रुयाड इथे जपानी बौद्धांच्या सहकार्यानं मोठा महास्तूप उभा आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी पट्ट्यांचे ध्वज घेऊन गर्दी होते. जो विचार इथून चीन, कोरियामार्गे जपानला गेला, तो दीड-दोन हजार वर्षांनी वैनगंगेकाठी परत आला.

झाडीपट्टीतल्या बऱ्याच हिंदू घरांवर विसाव्या शतकात ठसा उमटला तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना मी लहानपणी पाहिली ती चावडीपुढे. सतरंजी अंथरलेली, समोर अधिष्ठान मांडलेलं: लोड, तक्क्या, पांढरी चादर. त्यावर मूर्ती नाही. कोणत्याही जातीनं, कोणत्याही धर्मानं येऊन रांगेत बसावं आणि त्या मोकळ्या आसनाला वंदन करावं. पवनीच्या शिल्पातलं रिकामं आसन आणि चावडीवरचं हे अधिष्ठान यांत परंपरेचा धागा नाही. दोन्हीमागची जाण मात्र एकच आहे: समोरची जागा मोकळी ठेवली की तिच्यापुढे सगळे सारखे होतात. मशिदीतली मेहराब रिकामी असते, साजाच्या झाडाखालीही घडीव मूर्ती नसते. धर्म एकमेकांपासून किती दूर आहेत हे ठरवण्याआधी त्यांच्या या रिकाम्या जागा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

मग मी काय शिकले? धर्मात शिरायच्या वाटा तीन दिसल्या. एक जन्माची, गोंडांच्या सगासारखी. तिथे माणूस एकटा पडत नाही, पण बाहेरच्याला वाट नाही, आणि हीच जन्माची वाट वर्णाच्या उतरंडीला जोडली की तिचा तुरुंग होतो. दुसरी राजाच्या मर्जीची. ती झपाट्यानं रुंदावते आणि राजा बदलला की बुजते. तिसरी स्वतःहून चालत जायची, विसमितेच्या दानासारखी, नीळभट्टांसारखी, छप्पन सालच्या पांढऱ्या साड्यांसारखी. माझा जीव या तिसऱ्या वाटेवर आहे. जगाच्या इतिहासात धर्मांनी जे टिकाऊ चांगलं केलं, ते बहुतेक या वाटेनं आलेल्यांनी केलं.

पण एक काम अजून उरलंय आणि ते कोणत्याही एका धर्माचं नाही. गावच्या देवळाच्या सभामंडपात, विहाराच्या भिंतीवर, दर्ग्याच्या ओट्यावर देणगीदारांच्या फरशा बसवलेल्या असतात. त्या वाचत जा. नावं बहुतेक पुरुषांची. वर्गणी गोळा करायला दारोदार फिरलेल्या, बचत गटातून पैसे काढून दिलेल्या, भंडाऱ्याच्या जेवणासाठी पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाया त्या फरशीवर नसतात. कुठे असल्याच तर नवऱ्याच्या नावामागे 'सौ.' होऊन. कचारगडला जाणाऱ्या गोंड बाईला जनगणनेत आपल्या धर्माचा रकानाही मिळत नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी दिलेलं उत्तर हेच: तुझ्या आजीचं नाव कोणी मुद्दाम लिहिलं नाही म्हणून नाही, आणि मुद्दाम लिहिलं तर येईल. देवळाच्या, विहाराच्या, दर्ग्याच्या समित्यांना माझं मागणं आहे की पुढची फरशी बसवताना दान देणाऱ्या बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावानं कोरा. दोन हजार वर्षांपूर्वी पवनीच्या पाथरवटाला ते जमलं. आज न जमायला काही कारण नाही.